पुन्हा विचारू नका

मावशीच्या शिलाई मशीनचा पट्टा तुटला होता. सुट्टीचा दिवस होता, दुकान वाटेत होतं, आणि मावशीकडे जायला चिमीला तसंही निमित्त लागत नसे. तिनं नवा पट्टा घेतला आणि ती निघाली. चिमी म्हणजे चांगली तिशी ओलांडलेली, चष्मेवाली, नोकरीच्या ठिकाणी ‘मॅडम’ म्हणवून घेणारी बाई. पण मावशीनं लहानपणी तिला चिमी म्हटलं ते चिकटलं ते चिकटलंच.

मावशी पडदे शिवायची. तिसऱ्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या आणि दोन्ही खोल्यांत माणसांपेक्षा कापड जास्त. कुणाच्या दिवाणखान्याचे, कुणाच्या दवाखान्याचे, कुणाच्या नव्या संसाराचे पडदे घड्या घालून भिंतीशी रचलेले असायचे. स्वतःच्या खिडकीला मात्र एक विटकी चादर. “लोकांचं आटपलं की माझं बघते,” असं ती गेली कित्येक वर्षं म्हणत होती, आणि लोकांचं काही आटपत नव्हतं.

घरातली एकच गोष्ट नव्या जमान्याची होती, ती म्हणजे दाराचं कुलूप. ते चिमीनं बसवलं होतं. त्याला किल्ली नव्हती. दाराशी कुणी आलं की त्याच्या खिशातला फोन ओळखून मावशीच्या टॅबवर नाव उमटायचं आणि खाली प्रश्न यायचा, आत घ्यायचं का? मावशीनं बोट लावलं की दार आपोआप उघडायचं. ही एवढी तजवीज का, ते सांगायला हवं.

मावशीचा नवरा, म्हणजे चिमीचे काका, लाकडी सामानाला पॉलिश करायचे. हात सोन्याचा, असं जो तो म्हणे. त्यांनी हात फिरवलेल्या टेबलात आपला चेहरा दिसायचा. माणूस आवाज चढवणारा नव्हता, हात उगारणारा तर नव्हताच. त्यांना फक्त लावलेलं दार खपत नसे. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी घरातल्या दारांच्या आतल्या कड्या काढून टाकल्या, न्हाणीघराचीसुद्धा. स्क्रूची भोकं पुट्टीनं बुजवली आणि वरून असं पॉलिश मारलं की कडी कुठे होती ते बोटाला लागू नये. मग ते केव्हाही, कुठल्याही खोलीत, न विचारता येऊन उभे राहायचे. काही करायचे नाहीत. नुसते बघत उभे राहायचे. मावशीनं असा संसार केला, आणि एके दिवशी हातात कापडाची पिशवी घेऊन बाहेर पडली ती परत गेलीच नाही. तिचा नवा पत्ता चिमीच्या आईला आणि चिमीला तेवढा ठाऊक होता. आई गेल्यावर तो ठाऊक असलेली चिमी एकटीच उरली.

आणि आता काकाही गेले होते. म्हातारपणानं, अंथरुणात, चार माणसांसारखे.

चिमीनं पट्टा बसवून दिला. मावशीनं मशीन दोनदा चालवून पाहिलं, मान डोलावली, आणि मशीनवरचे डोळे न उचलता विचारलं, “खरंच गेले ना गं?”

“गेले, मावशी. आमच्याकडे पान आलंय त्यांचं. बघायचंय का?”

चिमीच्या कंपनीचं हेच काम होतं. गेलेल्या माणसाचं एक पान करायचं, त्यावर फोटो, तारखा, आणि खाली येणाऱ्या-जाणाऱ्यानं दोन शब्द लिहायची जागा. काकांचं पान त्यांच्या घरच्यांनी तिथंच केलं हा निव्वळ योगायोग. मावशीनं टॅब मांडीवर घेतला. फोटोतल्या माणसाकडे ती बराच वेळ बघत राहिली. शेवटी तिनं श्वास सोडला, आणि तिचे खांदे खाली आले ते चिमीला स्पष्ट दिसलं.

“दोन शब्द लिही,” चिमी म्हणाली. “मोकळं वाटेल.”

“लिहू? पण माझं गाव-ठिकाण तर नाही ना कळणार त्या लोकांना?”

पानावर दोनच चौकटी होत्या, नाव आणि मेल. चिमी म्हणाली, “नाही गं. दिसतंय ना तुला, नुसतं नाव विचारतंय.”

आणि त्याच क्षणी तिला आठवलं. पान तिनंच बांधलेलं होतं. दोन चौकटी दिसत होत्या, पण खरं तर त्या दोन नव्हत्या. घराचा पत्ता, मजला, फोन नंबर ह्यांच्या चौकटी तिनं पडद्याच्या कडेपलीकडे सरकवून ठेवल्या होत्या. माणसाला त्या दिसत नसत, ब्राउझरला दिसत. ब्राउझर आपला पत्ता एकदा लक्षात ठेवतो आणि पुढे नावावर बोट ठेवलं की ज्या ज्या चौकटी सापडतील त्या सगळ्या इमानेइतबारे भरून टाकतो. दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्याही. मालकांची ही कल्पना. पत्ता मागितला की लोक निघून जातात, आणि पत्ते तर हवे असतात, विकत घेणारे पुष्कळ असतात. “मागितलंच नाही तर नाही कोण म्हणणार?” असं मालक हसत म्हणाले होते, आणि चिमीही हसली होती.

हे सगळं तिला आठवलं, आणि तिनं तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर आपण पोटासाठी काय करतो ते मावशीला सांगावं लागलं असतं. मावशी तिला हुशार समजायची, शेजारपाजारी तिचं कौतुक सांगायची. मेलेल्या माणसाच्या पानावर पत्ता गेला तर गेला, मेलेला काय करणार आहे, असं तिनं मनाशी म्हटलं. मावशीनं नावावर बोट ठेवलं. दोन्ही चौकटी पटकन भरल्या.

“बाई, किती शहाणं आहे हे,” मावशी कौतुकानं म्हणाली. मग तिनं एकच शब्द लिहिला, ‘पाहिलं’, आणि धाडून दिला.

दुसऱ्या दिवशी चिमी कामावर जरा लवकर गेली. मावशीची नोंद शोधून तिच्यातला पत्ता पुसून टाकायचा एवढाच विचार होता. कुणाला कळणार नव्हतं, स्वतःलाही दोन दिवसांत विसरता आलं असतं. तिनं काकांच्या पानाच्या नोंदी उघडल्या. मावशीचं नाव, मेल, आणि पुढे ओळीनं सगळा संसार: रस्ता, इमारत, तिसरा मजला, जिन्यावरून डावीकडचं दार. तिनं ते पुसलं. मग शेजारच्या रकान्यात तिची नजर गेली आणि तिचा हात माउसवरच थांबला.

पानावर कुणी काही लिहिलं की पानाच्या मालकाला मेल जातो. तो मेलही चिमीनंच बांधलेला. घाईत होती, म्हणून तिनं सगळीच्या सगळी नोंद त्यात ओतली होती, दिसणाऱ्या चौकटी आणि लपवलेल्याही. लोकांच्या मेलमध्ये असे परक्यांचे पत्ते जातात हे तिला मागेच कळलं होतं. सवडीनं दुरुस्त करू म्हणून राहून गेलं होतं. तर मावशीचा पत्ताही गेला होता. मेल पोचला होता. उघडून वाचलाही होता.

वाचणाऱ्याच्या जागी काकांचं नाव होतं.

तिनं आधी स्वतःला समजावलं. पान करताना माणसाला नवं खातं उघडायला लागू नये म्हणून एक बटण होतं. असलेल्या मेलच्या खात्यानंच आत या, ‘अमुक म्हणून पुढे चला’, एवढं दाबलं की झालं. कुणीतरी काकांच्याच फोनवरून ते दाबलं असणार. तिनं काकांच्या धाकट्या भावाला फोन लावला. धाकटे काका साधे होते, तिच्याशी त्यांचं कधी वाकडं नव्हतं.

“पान मीच केलं,” ते म्हणाले. “दादाच्या फोनवरनं. सगळ्यांचे नंबर त्यातच होते ना.”

“पण त्यांचा फोन उघडला कसा, काका?”

“अंगठा मागत होता. मग... दादाचाच लावला. बाजूलाच ठेवला होता त्याला. परवानगी आहे का, असं विचारत होतं ते, दोन-तीनदा. दरवेळी लावला. अजून ऊब होती गं हाताला. बरं नाही केलं मी, नाही का?”

“आता फोन कुठे आहे?”

“त्याच्या खिशात ठेवला. जाताना. सवय होती त्याला.”

“म्हणजे... त्यांच्याबरोबर गेला?”

“बरोबरच गेला. आता कुठला फोन.”

मेल वाचला गेला होता तो काल. काका जाऊन आठवडा उलटला होता. चिमीनं फोन ठेवला आणि शेजारच्या टेबलावर मालक कुणाशी तरी हसत बोलत होते ते बघत बसली. त्यांच्याकडे जाऊन सांगावं असं तिच्या मनात आलं. पण सांगायचं तर काय? मेलेल्या माणसानं मेल वाचला, आणि त्याला पत्ता आपणच दिला? तिला घाम फुटला. भीतीनं फुटला असं तिला वाटलं, पण भीती नंतरची. आधी होती ती शरम, कान तापवणारी.

दुपारी मावशीचा फोन आला.

“चिमे, तू येऊन गेलीस का गं मघाशी?”

“नाही. का?”

“मी खाली दोरे आणायला गेले होते. आले तर मशीनजवळची खुर्ची चकाकतेय. हात लावला तर बोटाला चिकट लागलं.” मावशीचा आवाज एकदम खाली आला. “आणि वास येतोय, चिमे. स्पिरिटचा. मला ठाऊक आहे तो वास...”

चिमी पोचली तेव्हा उन्हं अजून होती. जिन्यात कुणाच्या तरी घरातून टीव्हीचा आवाज येत होता, कुणी कपडे धूत होतं. सगळं जिथल्या तिथं. मात्र दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो वास आला. लाख आणि स्पिरिट, आणि खाली घासलेल्या लाकडाची कोरडी धूळ. लहानपणी काकांच्या मांडीवर बसली की त्यांच्या शर्टाला येणारा वास हाच. तेव्हा तो तिला आवडायचा, हे आठवून तिला स्वतःचीच चीड आली.

मावशी खोलीच्या मधोमध उभी होती. बसायला जागा नव्हती असं नाही, पण खुर्च्या दोन्ही ओल्या होत्या. हातशिलाईची चौरंगासारखी फळीसुद्धा. मावशीनं न्हाणीघराच्या दाराकडे बोट केलं.

आतल्या बाजूला कडी नव्हती. ही कडी मावशीनं ह्या घरात आल्या आल्या बसवून घेतली होती, जाड, लोखंडी, कुठल्याही न्हाणीघराला न शोभणारी. ती आता खाली जमिनीवर होती आणि तिचे स्क्रू तिच्याशेजारी एका ओळीत मांडून ठेवलेले होते. दारावर चिमीनं हात फिरवला. काहीच लागलं नाही. गुळगुळीत, आणि थोडं ओलसर.

“दार कुणी उघडलं?” मावशी म्हणाली. “माझ्याशिवाय तर ते उघडत नाही ना? तूच सांगितलं होतंस. मला विचारल्याशिवाय ते कुणाला आत घेत नाही, असं तूच सांगितलं होतंस.”

चिमीनं टॅब हातात घेतला. कुलपाच्या नोंदी उघडल्या. मावशी दोरे आणायला गेली होती तेवढ्या वेळात तीच ती ओळ खाली खाली गेली होती: घरची व्यक्ती आली, आत घेतलं. घरची व्यक्ती आली, आत घेतलं. गेल्याची नोंद एकही नव्हती.

मग तिला तेही आठवलं. कुलूप बसवलं तेव्हा मावशी कुरकुरली होती, हात कापडात असतात, सारखं काय बोट लावायचं. ती कुरकुर होती, तिचा अर्थ एवढाच की थोडं कौतुक कर, चहा ठेव. चिमीनं मात्र मावशीच्याच मेलच्या खात्यानं कुलपाच्या ॲपमध्ये शिरून एकामागून एक परवानग्या देऊन टाकल्या होत्या. खात्यातली नावं वाचू द्यायची? होय. घरच्यांना आपोआप आत घ्यायचं? होय. शेवटी एक बारीक चौकट होती, ‘पुन्हा विचारू नका’. तिथंही खूण केली होती. मावशी तेव्हा पाठमोरी बसून एका पडद्याला दुमड घालत होती, हाकेच्या अंतरावर. तिला एका शब्दानंही विचारलं नव्हतं.

त्या खात्यात मावशीच्या जुन्या फोनमधली नावं तशीच आली होती. काकांचं नावही. काकांच्या नावापुढे नातं लिहिलेलं होतं, आणि कुलपाला तेवढं पुरलं. कुलपानं आपलं काम चोख केलं होतं. काकांना आजवर फक्त पत्ता माहीत नव्हता.

चिमी खाली बसली, जमिनीवर, कडीच्या शेजारी. आणि तिनं सगळं सांगितलं. पडद्याच्या कडेपलीकडच्या चौकटी सांगितल्या, मालकांचं हसणं सांगितलं, स्वतःचं हसणंही सांगितलं. ‘नुसतं नाव विचारतंय’ म्हणताना आपल्याला सगळं आठवलं होतं आणि तरी आपण गप्प राहिलो, हेही सांगितलं. तिला मावशीकडे बघवत नव्हतं.

सगळं ऐकून मावशीनं एवढंच विचारलं, “मला का नाही विचारलंस, चिमे?”

“तुला त्रास नको म्हणून...”

“हं.” मावशी न्हाणीघराच्या दाराकडे बघत होती. “कड्या काढल्या तेव्हा तेही हेच म्हणाले होते. तुला सारखं उठून दार उघडायचा त्रास नको.”

चिमीला वाटलं, मावशीनं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. खाली टीव्हीचा आवाज बंद झाला होता. कपडे धुण्याचाही.

टॅब वाजला.

छोटासा, गोड आवाज, चिमीनंच निवडलेला. पडद्यावर प्रश्न आला, आत घ्यायचं का? तिनं झडप घातली, पण प्रश्न वाचून होण्याआधीच त्याच्याखाली हिरवी खूण उमटली. होय. कुलपातली मोटर फिरल्याचा आवाज झाला. दार हातभर उघडलं.

दारात कुणी नव्हतं. जिन्याचा कठडा दिसत होता आणि त्यावर संध्याकाळचं ऊन. पण वास आत आला, एवढा दाट की चिमीच्या डोळ्यांना पाणी आलं. आणि मग दाराच्या आतल्या बाजूनं, जिथं मावशीची रात्रीची साधी कडी होती तिथून, आवाज येऊ लागला. घस... घस... काचकागद लाकडावर फिरवल्याचा. सावकाश, न चुकता, हाताला घाई नसलेल्या माणसाचा.

“मावशी, चल... बाहेर चल...”

“बाहेर कुठून?” मावशी कुजबुजली. वाट दारातूनच होती.

चिमीची बोटं टॅबवर नुसती धडपडत होती. कुठे जायचं, काय बंद करायचं, तिला सुचेना. ज्या बाईनं हे सगळं डोळे मिटून चालू केलं होतं तिला ते डोळे उघडे ठेवून बंद करता येईना. मावशीनं तिच्या हातातून टॅब काढून घेतला.

“सरक. मला वाचू दे.”

मावशी वाचायला लागली. शाळेत वाचायची तशी, ओळीखाली बोट धरून, मोठ्यानं. परवानग्यांचं ते लांबलचक पान, जे आजवर जगात कुणी पुरतं वाचलं नसेल, ते तिनं पहिल्या ओळीपासून वाचलं. घस... घस... चालूच होतं. आधी दारापाशी, मग आतल्या भिंतीच्या कपाटापाशी. चिमीला ओरडून सांगावंसं वाटलं की खाली जा, शेवटचं बटण दाब, मधलं कुणी वाचत नाही. पण तिला सांगायचा काही हक्कच उरला नव्हता.

“‘संमती मागे घेणे’ म्हणजे काय गं?” मावशीनं विचारलं. आवाज कापत होता, पण बोट ओळीवरून हललं नव्हतं.

“म्हणजे... आधी होय म्हटलेलं, आता नाही म्हणणं.”

“आधी होय कोण म्हणालं होतं?”

“मी.”

घासण्याचा आवाज आता मावशीच्या पाठीशी होता. तिच्या खांद्यावरचा पदर किंचित हलला. मावशीनं मागं वळून पाहिलं नाही. “मी म्हटलं नव्हतं,” ती म्हणाली, आणि हे चिमीला उद्देशून नव्हतं. “कधीच म्हटलं नव्हतं. कुणी विचारलंच नाही. आता विचारताय, तर नाही. माझ्या घरात यायचं नाही.” आणि तिनं बोट लावलं.

आवाज थांबला. वास लगेच गेला नाही. तो जिन्यावरून हळूहळू खाली उतरत गेला, आणि खाली कुणीतरी पुन्हा टीव्ही लावला.

मावशीनं त्याच आठवड्यात ते घर सोडलं. लोकांचे पडदे लोकांना पोचवले, मशीन टेम्पोत चढवलं. चिमी मदतीला गेली होती. सामान उचलताना मावशी तिच्याशी नेहमीसारखं बोलली, दोरीची गाठ नीट मार, पाठीत उसण भरेल, जपून. टेम्पो निघायच्या वेळी चिमीनं विचारलं, “कुठे जातेयस?”

“ते मी तुला सांगणार नाही,” मावशी म्हणाली. रागानं म्हणाली असती तर सोसलं असतं. ती अगदी मायेनं म्हणाली. “राग नाही गं तुझ्यावर. मन झालं की मीच बोलवीन. आणि आलीस की दाराबाहेर उभं राहायचं, हाक मारून विचारायचं. मी ‘ये’ म्हटलं तरच आत यायचं. आता कुलूपबिलूप काही नको, जो येईल तो विचारील आणि मी सांगेन.”

चिमीनं मान हलवली. टेम्पो वळणाआड गेला तरी ती तिथंच उभी होती.

तिनं पुढे लपवलेल्या चौकटी काढून टाकल्या. मालक चिडले, मग म्हणाले, ठीक आहे, दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ. तिनं नोकरी सोडली. सोडताना आपण काही फार मोठं करतोय असं तिला वाटलं नाही. आजवरचे किती पत्ते कुणाकुणाच्या हाती गेले, त्यातली किती माणसं कुणापासून तरी लपून राहत होती, हे तिला कधीच कळणार नव्हतं. दुसऱ्याच्या दाराशी उभं राहिलं की तिची नजर आपोआप खाली जायची. मावशीचं बोलावणं आलं नाही. ती वाट बघायची, आणि आपण वाट बघायच्या तरी लायकीचे आहोत का, असंही तिच्या मनात यायचं.

एके सकाळी तिला चष्म्याच्या नव्या काचा मागवायच्या होत्या. दुकानाच्या पानावर तिनं स्वतःच्या नावाची पहिली दोन अक्षरं लिहिली आणि ब्राउझरनं नेहमीप्रमाणे खाली पत्ता सुचवला. तिचा पत्ता. आणि त्याच्याखाली आणखी एक.

नाव तिचंच होतं. पत्ता तिचा नव्हता. शहराच्या पार दुसऱ्या टोकाची एक गल्ली, तळमजला, आणि खूण म्हणून लिहिलेलं होतं, ‘पडदे शिवून मिळतील’. हे तिनं कधी लिहिलं नव्हतं. तिला हे ठाऊकच नव्हतं. आणि बाजूला बारीक अक्षरांत होतं, की हा पत्ता आज सकाळीच वापरला गेला आहे.

ती नेसत्या कपड्यांनिशी निघाली. रिक्षात बसल्यावर तिला वाटलं, परत फिरावं. मावशीनं बोलावलं नव्हतं. न बोलावता, न सांगितलेला पत्ता हुडकून तिच्या दारात जायचं म्हणजे तिनं सांगितलेलं सगळं पुन्हा पायदळी तुडवायचं. पण पत्ता पुन्हा बाहेर गेलाय हे सांगून सावध करायचं तर दुसरा रस्ता नव्हता. ती स्वतःला बजावत राहिली, आत जायचं नाही. दाराबाहेर उभं राहायचं. विचारायचं. मावशी नाही म्हणाली तर बाहेरूनच सांगायचं आणि माघारी फिरायचं.

गल्लीत मुलं शाळेला चालली होती. तळमजल्यावरचं दार लोटलेलं होतं. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता, थांबत, चालत, अगदी रोजच्यासारखा. तिनं चपला बाहेर काढल्या, उंबऱ्यापासून दोन पावलं मागं उभी राहिली आणि घसा साफ केला.

“मावशी... मी चिमी. आत येऊ का?”

मशीन थांबलं. आतून मावशीचा आवाज आला, प्रसन्न, थोडासा हसरा.

“अगं, किती वेळा विचारशील? मघाशीच ‘ये’ म्हटलं ना तुला? आणि आत बसल्या बसल्या कुणाशी बोलतेयस, इकडे बघ की...”